डेटा तोच, मॉडेल तेच, तरी रिग्रेशनचं उत्तर जुळत नाही?

"मॅडम, आम्ही दोघांनी तुम्ही दिलेलाच डेटा घेतला, मॉडेलही तेच. माझा शिक्षणाचा गुणांक ०.०६४ आला आणि याचा ०.०८१. बरोबर कुणाचं?"

इकॉनॉमेट्रिक्सच्या प्रॅक्टिकलला हा प्रश्न दर बॅचला येतो. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात तर रोज. एकीने एक्सेलमध्येच भागवलेलं असतं, दुसऱ्याने आर वापरलेलं असतं, तिसऱ्याकडे स्टाटा असतो आणि तिघांच्या जर्नलमध्ये तीन आकडे. मग सॉफ्टवेअरवर खापर फोडणं सुरू होतं. "एक्सेल भरवशाचं नाही", "माझं व्हर्जन जुनं आहे", वगैरे.

हे साप साप म्हणून भुई धोपटणं झालं. साधं रिग्रेशन, म्हणजे ओएलएस (डेटाच्या सर्वांत जवळून जाणारी रेषा काढणं; एक गोष्ट एकाने वाढली की दुसरी किती बदलते तो गुणांक), हे ठरलेल्या सूत्राचं गणित आहे. तेच आकडे घातले तर कुठलंही सॉफ्टवेअर तेच उत्तर देतं. उत्तरं वेगळी आली याचा अर्थ दोघांनी नकळत दोन वेगळी गणितं घातली. गणित कुठे बदललं ते आउटपुटमध्येच दिसतं, पण वाचायचा क्रम आपण चुकतो. विद्यार्थी आधी पी-व्हॅल्यूशेजारचे तारे (निकाल निव्वळ योगायोगाचा नसावा याची खूण) मोजतात, मग आर-स्क्वेअर (मॉडेलने फरकांचा किती भाग टिपला) बघतात, मग गुणांक. एन, म्हणजे गणितात किती ओळी धरल्या, ते कुणी बघतच नाही. मी साधारण उलट जाते: आधी एन, मग गुणांक, मग स्टँडर्ड एरर (गुणांक किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप), शेवटी आर-स्क्वेअर. या क्रमाने जाताना न जुळणारा पहिला आकडा जिथे लागतो, तिथेच पाणी मुरत असतं.

तर मी त्या दोघांना विचारलं, "एन किती?" ती म्हणाली १,२१२. तो स्क्रीन वरखाली करत राहिला, त्याला एन सापडेना.

आधी एन

त्याला सापडेना यात त्याची चूक नव्हती. आरची नेहमीची समरी एन छापतच नाही, डिग्रीज ऑफ फ्रीडम छापते. त्यात मॉडेलमधल्या गुणांकांची संख्या मिळवायची, कॉन्स्टंट (बाकी सगळं शून्य असतानाचा आकडा) धरून. त्याच्या आउटपुटमध्ये १,१८३ होते. मॉडेलमध्ये कॉन्स्टंट, शिक्षण, अनुभव आणि अनुभवाचा वर्ग असे चार गुणांक, म्हणजे एन १,१८७. त्याच ओळीखाली आर कंसात सांगत होतं की २५ निरीक्षणं मिसिंग असल्यामुळे गाळली आहेत. १,२१२ वजा १,१८७, बरोबर २५. तिच्या शीटमध्ये त्या २५ जागी काय होतं ते शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. त्याकडे येतेच.

एन न जुळण्याची कारणं मोजकीच असतात. सर्वांत नेहमीचं म्हणजे ओळी गळणं. मॉडेलमधल्या एका जरी व्हेरिएबलची किंमत नसली तर ती अख्खी ओळ बाद होते. स्टाटा, आर, एसपीएसएस, ग्रेटल, सगळीकडे मुळात हाच नियम आहे. म्हणून तुम्ही "फक्त एक कंट्रोल वाढवला" (सोबतीला आणखी एक व्हेरिएबल घेतलं) म्हणता तेव्हा खरं तर नमुनाही बदललेला असू शकतो. पहिल्या मॉडेलमध्ये हजार माणसं, दुसऱ्यात त्यातली सहाशे, आणि गुणांक बदलला तो कंट्रोलमुळे की चारशे माणसं गेल्यामुळे, हे सांगता येत नाही. यावर उपाय म्हणजे सर्वांत मोठं मॉडेल आधी चालवायचं आणि त्यात टिकलेल्या ओळींवरच लहान मॉडेलं चालवायची. स्टाटामध्ये शेवटच्या रिग्रेशनमध्ये कुठल्या ओळी होत्या याची खूण 'ई-सॅम्पल' नावाने राहते. आरमध्ये लागणारे कॉलम वेगळे काढून 'कम्प्लीट केसेस' लावलं की तेच काम होतं. एसपीएसएसवाल्यांनी ऑप्शन्समध्ये 'लिस्टवाइज' (अख्खी ओळ गाळणं) आहे की 'पेअरवाइज' (जोडीजोडीने मिळेल तेवढं वापरणं) हे एकदा बघून घ्यावं. कुणी तरी कधी तरी तिथे क्लिक केलेलं असतं.

दुसरं कारण लॉग. शून्याचा लॉग घेतला तर स्टाटा एरर न देता ती किंमत मिसिंग करतो आणि एन घसरतो. आर उणे अनंत देतं आणि रिग्रेशनच्या पायरीवर एरर देऊन थांबतं. मग आरवाला वैतागून सगळ्यांत १ मिळवून लॉग घेतो, स्टाटावालीला काही घडल्याचा पत्ताच नसतो, आणि दोघं म्हणतात मॉडेल तेच. १ मिळवण्याबद्दल माझं मत सांगून टाकते: मला तो तोडगा आवडत नाही. उत्पन्न रुपयांत असताना १ मिळवणं आणि हजारांत असताना १ मिळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गुणांक तुम्ही कुठलं एकक धरलं त्यावर हलतो.

तिसरं कारण खास स्टाटाचं आणि भल्याभल्यांना चकवणारं. स्टाटा मिसिंग किंमत सर्व संख्यांपेक्षा मोठी मानतो. "उत्पन्न ५०,००० पेक्षा जास्त असेल तर १" असा डमी (फक्त ० किंवा १ असणारा कॉलम) केला की ज्यांचं उत्पन्नच माहीत नाही ती सगळी माणसं श्रीमंतांत जाऊन बसतात. आरमध्ये हाच डमी त्या ओळींना मिसिंगच ठेवतो. म्हणून स्टाटात अशा प्रत्येक अटीला "आणि मिसिंग नसेल तर" हे शेपूट जोडायची सवय लावून घ्या.

एन मोठा म्हणजे उत्तर चांगलं, असाही एक समज असतो. तो मोडायला मी फळ्यावर एक छोटं उदाहरण घेते. पाच माणसं. शिक्षणाची वर्षं ८, १०, १२, १४, १६. ताशी वेतन त्याच क्रमाने २०, २४, ३०, ३४, ४२. शिक्षणाची सरासरी १२, वेतनाची ३०. विचलनांच्या गुणाकारांची बेरीज १०८, शिक्षणाच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ४०, म्हणून गुणांक २.७. एक वर्ष जास्त शिकलं की ताशी २.७ जास्त. आता सहावा माणूस आणा. वेतन २८, शिक्षण माहीत नाही, आणि सर्व्हेवाल्यांनी त्या जागी नेहमीच्या पद्धतीने −९९ लिहिलंय. सॉफ्टवेअरला ही वजा नव्व्याण्णव वर्षं शिकलेल्या माणसाची नोंद वाटते. गुणांक येतो ०.०२८.

पाच चांगल्या ओळींचं म्हणणं एका ओळीने पुसून टाकलं. एन पाचावरून सहावर गेला म्हणून खूश होणारा विद्यार्थी शिक्षणाचा वेतनावर परिणाम नाही असा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. −९९, ९९९, ८८ असले कोड कुठल्या कॉलममध्ये कशासाठी आहेत ते डेटासोबतच्या कोडबुकमध्ये असतं. ते न वाचता रिग्रेशन चालवू नका. आणि वाचायचा कंटाळा असेल तर निदान प्रत्येक व्हेरिएबलची किमान आणि कमाल किंमत काढा. तीस सेकंदांचं काम आहे.

एन जुळतो, गुणांक जुळत नाही

आता ओळी त्याच आहेत, म्हणजे व्हेरिएबलच वेगळं बनलंय. इथे पहिलं काम म्हणजे एका गुणांकाला दुसऱ्याने भागायचं. उत्तर १००० किंवा १,००,००० असं गोल आलं तर एककाचा फरक. १०० आलं तर एकाने टक्के घेतले, दुसऱ्याने अपूर्णांक. २.३०२६ आलं तर लॉगच्या पायाचा. एक्सेलमध्ये 'लॉग' लिहिलं की पाया १० धरला जातो, नैसर्गिक लॉगसाठी 'एलएन' लिहावं लागतं. आर आणि स्टाटात मात्र 'लॉग' म्हणजे नैसर्गिकच. या तिन्ही प्रकारांत टी-व्हॅल्यू (गुणांक भागिले स्टँडर्ड एरर) आणि आर-स्क्वेअर तेच राहतात. ते जुळले तर घाबरायचं कारण नाही, फक्त वाक्य लिहिताना एकक नीट लिहा. लॉग-लॉग मॉडेलमध्ये दोन्हीकडे तोच पाया असेल तर लवचीकता बदलतही नाही. एकीकडे पाया १० आणि दुसरीकडे नैसर्गिक असं झालं तरच घोळ.

भागाकार वेडावाकडा आला आणि टी-व्हॅल्यूही वेगळी असली तर मी सर्वांत आधी मजकुरावर संशय घेते. संख्यांचा कॉलम सॉफ्टवेअरने मजकूर म्हणून वाचलेला असणं.

यात मी स्वतः दोन रात्री घालवल्या आहेत. एमएच्या प्रबंधाच्या वेळी माझ्या शिक्षणाच्या कॉलममध्ये हजारभर आकड्यांत एका ठिकाणी "माहीत नाही" असं टाइप केलेलं होतं. तेवढ्या दोन शब्दांमुळे अख्खा कॉलम मजकूर झाला. स्टाटा अशा व्हेरिएबलवर रिग्रेशन चालवू देत नाही, "नो ऑब्झर्वेशन्स" म्हणून थांबतो. मला कुणी तरी सांगितलं, 'एन्कोड' कर. केलं. एरर गेला, रिग्रेशन चाललं, डेटा ब्राउझरमध्येही ८, १०, १२ असेच आकडे दिसत होते. गुणांक मात्र कुठल्याच पुस्तकात बसत नव्हता.

'एन्कोड' काय करतं ते त्याच पाच माणसांवर बघा. ते मजकुराला शब्दकोशाच्या क्रमाने लावतं आणि १, २, ३ असे कोड वाटतं. मजकूर म्हणून लावल्यावर क्रम होतो १०, १२, १४, १६, ८. कारण "१" हे अक्षर "८" च्या आधी येतं. म्हणजे दहा वर्षं शिकलेल्याला १, सोळावाल्याला ४, आणि आठच वर्षं शिकलेल्याला सर्वांत मोठा कोड, ५. गुणांक काढा: २.७ च्या जागी ०.४ येतो. पडद्यावर मात्र लेबल दिसतं, खालचा कोड दिसत नाही. खूण एकच, ब्राउझरमध्ये ते आकडे निळ्या रंगात असतात. साध्या संख्या काळ्या, मजकूर लाल, लेबल लावलेले कोड निळे. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. इथे हवं होतं 'डीस्ट्रिंग', आणि त्याआधी ते "माहीत नाही" शोधून मिसिंग करायला.

आरमध्ये हाच सापळा फॅक्टरच्या, म्हणजे गटांच्या नावांच्या कॉलमच्या, रूपात आहे. फॅक्टरवर थेट 'अॅज न्यूमेरिक' चालवलं की किंमत मिळत नाही, पातळीचा क्रमांक मिळतो. आधी 'अॅज कॅरेक्टर', मग 'अॅज न्यूमेरिक', असं दोन टप्प्यांत करायचं. २०२० मध्ये आरची ४.० ही आवृत्ती आली तेव्हापासून फाइल वाचताना मजकुराचे आपोआप फॅक्टर होणं बंद झालं. त्यामुळे लॅबच्या जुन्या मशीनवर आणि घरच्या लॅपटॉपवर एकच स्क्रिप्ट वेगळं वागू शकते. एकाच विद्यार्थ्याची दोन उत्तरं जुळत नसतील तर हे आधी तपासा. नव्या आवृत्तीत मजकूर मजकूरच राहतो आणि रिग्रेशनमध्ये घातला की प्रत्येक वेगळ्या किमतीचा एकेक डमी होतो. शिक्षणाच्या एका ओळीऐवजी आउटपुटमध्ये बारा-पंधरा ओळी आल्या तर समजा, काय झालंय.

हजाराचे स्वल्पविराम, आकड्यामागे राहिलेली स्पेस, दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम असलेली फाइल, सगळ्यांचा परिणाम हाच.

लॅग, म्हणजे मागच्या वर्षाची किंमत, घेतानाही असंच मुरतं. स्टाटात "वरची ओळ" अशा अर्थाने लॅग घेतला आणि डेटा वर्षाप्रमाणे लावलेला नसला तर कुणाची तरी कुठली तरी किंमत मागच्या वर्षाची म्हणून बसते. पॅनेल डेटात (अनेक देशांची अनेक वर्षं) तर एका देशाच्या पहिल्या वर्षाला आधीच्या देशाचं शेवटचं वर्ष चिकटतं. आधी सॉफ्टवेअरला पॅनेल आणि वर्ष कुठलं ते सांगा आणि त्याचा स्वतःचा लॅग ऑपरेटर वापरा. आरमध्ये दोन 'लॅग' आहेत. मूळ आरचा 'लॅग' टाइम सिरीजच्या तारखा सरकवतो, आकडे जागचे हलवत नाही, आणि साधं रिग्रेशन तारखांकडे बघतच नाही. परिणामी एखाद्या व्हेरिएबलचं स्वतःच्याच लॅगवर रिग्रेशन केलं की गुणांक नेमका १ आणि आर-स्क्वेअरही १. एकदा एक मुलगा हे घेऊन आला होता, "मॅडम, जीडीपीचा अंदाज शंभर टक्के बरोबर येतोय!" डीप्लायर पॅकेज चालू असेल तर त्याचा 'लॅग' खरोखर आकडे सरकवतो. म्हणजे पॅकेज चालू आहे की नाही यावर उत्तर ठरतं.

काही गुणांक जुळतात, काही नाहीत

शिक्षण, अनुभव यांचे गुणांक तंतोतंत सारखे, पण कॉन्स्टंट आणि विभागाचे डमी भलतेच, असं असेल तर दोघंही बरोबर आहेत. पायाभूत गट, म्हणजे बाकीच्यांची तुलना ज्याच्याशी होते तो, वेगळा आहे, एवढंच. समजा ग्रामीण पाया धरला, कॉन्स्टंट २०, निमशहरीचा गुणांक ३, शहरीचा ८. मैत्रिणीने शहरी पाया धरला तर तिचा कॉन्स्टंट २८, ग्रामीण −८, निमशहरी −५. शहरी आणि ग्रामीणमधला फरक दोन्हीकडे ८ च आहे. आर मजकुराच्या क्रमातला पहिला गट पाया धरतं, स्टाटा सर्वांत लहान कोडाचा. तारे मात्र बदलू शकतात, कारण "निमशहरी सिग्निफिकंट आहे" या वाक्याला "कुणाच्या तुलनेत" हे जोडल्याशिवाय काही अर्थ नाही.

तीनही गटांचे तीन डमी आणि वर कॉन्स्टंट घातला तर एक डमी गळतोच. स्टाटा 'ओमिटेड' लिहितो, आर त्या जागी 'एनए' छापतं. ही चूक नाही, गणिताची गरज आहे. आणि विभागासाठी दोन ओळी यायला हव्या तिथे एकच आली तर १, २, ३ हे कोड संख्या म्हणूनच घुसले आहेत. स्टाटात व्हेरिएबलच्या आधी 'आय' आणि टिंब, आरमध्ये 'फॅक्टर'.

गुणांक जुळतात, स्टँडर्ड एरर नाही

म्हणजे डेटा स्वच्छ आहे, व्हेरिएबल नीट आहेत, अर्धी लढाई जिंकली. फरक आहे तो गुणांक किती चुकू शकतो हे कुठल्या सूत्राने काढलं त्यात. एकाने साधे, दुसऱ्याने रोबस्ट, म्हणजे चुकांचा पसारा सगळीकडे सारखा न मानणारे. हाल्बर्ट व्हाइट यांच्या १९८० च्या लेखामुळे अर्थशास्त्रात रोबस्ट स्टँडर्ड एरर रुळले, पण "रोबस्ट" हे एकच सूत्र नाही, त्याचं घराणं आहे. स्टाटात 'रोबस्ट' लिहिलं की एचसी१ मिळतं. आरच्या सँडविच पॅकेजमध्ये काहीच न सांगता मागितलं की एचसी३ येतं.

आपल्या पाच माणसांवरच बघू. गुणांक सगळीकडे २.७. साधा स्टँडर्ड एरर ०.१९, एचसी१ चा ०.२१, एचसी३ चा ०.३८. पहिल्या दोघांच्या टी-व्हॅल्यू १४ आणि १३ च्या आसपास, तिसऱ्याची ७. एवढी दरी पडते कारण माणसं पाचच आहेत, आणि एचसी३ टोकाच्या दोन माणसांच्या, म्हणजे ८ आणि १६ वर्षंवाल्यांच्या, चुका फुगवून धरतं. रेषा आपल्याकडे ओढून घ्यायची ताकद टोकाच्या निरीक्षणांकडे जास्त असते म्हणून. हजारो ओळी असतील तर एचसी१ आणि एचसी३ सहसा जवळजवळ सारखेच येतात. नमुना लहान असेल तर मी एचसी३ घ्यायला सांगते. दोघांनी जुळवायचं असेल तर आरवाल्याने प्रकार एचसी१ असा लिहून सांगायचा, की काम झालं. क्लस्टर केलं असेल (एका गटातल्या ओळी एकमेकींशी निगडित धरल्या असतील) तर कशावर केलं तेही विचारा.

आर-स्क्वेअर

इथे फार वेळ घालवू नका. गुणांकही वेगळे, आर-स्क्वेअर मात्र भलताच छान, असं दिसलं तर कॉन्स्टंट गेलाय का ते बघा. एक्सेलच्या रिग्रेशन खिडकीत "कॉन्स्टंट इज झीरो" अशी चौकट आहे आणि मुलं ती उगाच टिकमार्क करतात. आपल्या उदाहरणात कॉन्स्टंट काढला की गुणांक २.७ चा २.५१ होतो आणि आर-स्क्वेअर ०.९८५ वरून ०.९९९ वर जातो. मॉडेल सुधारलेलं नाही. कॉन्स्टंट नसला की सॉफ्टवेअर आर-स्क्वेअरची तुलना सरासरीऐवजी शून्याशी करतं, आणि शून्यापेक्षा चांगला अंदाज कुणीही देईल.

आणि तरीही सॉफ्टवेअरवरच संशय असेल

तर तो फेडायचीही सोय आहे. १९६७ मध्ये जेम्स लाँगली यांनी १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांचा अमेरिकी रोजगाराचा डेटा तेव्हाच्या संगणक प्रोग्रॅमांना घालून पाहिला होता. त्यातली सहाही स्पष्टीकरणात्मक व्हेरिएबलं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की त्या काळच्या प्रोग्रॅमांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. म्हणजे सॉफ्टवेअर चुकतं ही तक्रार एके काळी खरीच होती. तो डेटा आरमध्ये 'लाँगली' याच नावाने आधीच बसवलेला आहे. रोजगाराचं बाकी सहा व्हेरिएबलांवर रिग्रेशन चालवा, कॉन्स्टंट −३४८२.२६ आला पाहिजे. तोच डेटा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन हाच आकडा आला तर सॉफ्टवेअर निर्दोष आहे, आपल्या फाइलकडे परत या.

फाइलकडे परत येण्यातून काय निघू शकतं याचं गाजलेलं उदाहरण एका विद्यार्थ्याचंच आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये मांडलं होतं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या प्रसिद्ध लेखातले आकडे पुन्हा काढून दाखवायचे होते. त्याने हा लेख घेतला आणि आकडे जुळेनात. मूळ एक्सेल शीट मिळाल्यावर दिसलं की सरासरीच्या सूत्रात ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं ते ४४ व्या ओळीलाच थांबलंय आणि पाच देश बाहेर राहिलेत. हर्नडन, मायकेल अॅश आणि रॉबर्ट पोलिन यांनी २०१३ मध्ये दुरुस्त सरासरी काढली ती २.२ टक्के. सगळा फरक त्या पाच ओळींचा नव्हता. काही देशांची काही वर्षं गाळणं आणि देशांना वजन देण्याची पद्धत यांचा वाटा जास्त होता. पण गोष्ट सांगताना सगळे एक्सेलचीच सांगतात. शोध कुठून लागला? कुठल्या ओळी मोजल्या गेल्या, या एन च्याच प्रश्नातून.

आता त्या २५ ओळी. तिची पद्धत आम्ही पहिल्यापासून करून पाहिली. एक्सेलचं रिग्रेशन रिकाम्या चौकटी चालवून घेत नाही, इनपुटमध्ये संख्या नसलेलं काही तरी आहे म्हणून अडून बसतं. ती पुढे जाईना म्हणून तिने शिक्षणाच्या कॉलममधल्या रिकाम्या जागी शून्य भरलं होतं. "रिकामं म्हणजे शून्यच ना, मॅडम?" पंचवीस माणसं एका फटक्यात निरक्षर झाली, त्यातली बरीच चांगल्या पगाराची, आणि रेषा आडवी होत ०.०८१ वरून ०.०६४ वर आली.

शून्यं काढून टाक म्हणावं, तर डेटात खरोखर शाळेत न गेलेली माणसंही होती. त्यांचंही शून्य, भरलेलंही शून्य, आणि फाइल तिने त्याच नावाने सेव्ह केलेली. मूळ शीट त्याच्या पेन ड्राइव्हवर होती म्हणून कुठली शून्यं खरी ते कळलं. तिने ती उघडली, 'सेव्ह अॅज' करून वेगळं नाव दिलं, रिकाम्या ओळी गाळल्या आणि रिग्रेशन पुन्हा चालवलं. एन १,१८७.